कोणाचं बालपण मोकळं होतं?

दिवाळीच्या सुट्टीत बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात गेलात, तर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला दिसण्याची बरीच शक्यता असते. दहावीच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा भरलेला असतो. पुण्याहून, छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईहून माणसं आलेली असतात. गुरुजींचा सत्कार होतो, कुणीतरी जुनी हजेरी घेतो, जेवणं होतात आणि मग मैफल रंगते. आपण कसे दिवसदिवस रानात होतो, पायात चप्पल नव्हती, विहिरीत मुटके मारले, झाडावरून पडलो, हळद लावून बरे झालो आणि तरी आज धडधाकट आहोत, असं जो तो सांगतो. शेवटी गाडी एकाच मुक्कामाला येते : आमचं बालपण मोकळं होतं, आताची लेकरं कोंडली गेली.

हे म्हणणं मराठीत नवं नाही आणि खोटंही नाही. पण बीडमध्ये बसून ते ऐकताना माझ्या मनात एक साधी नोंद होते. दिवाळीच्या आसपास या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. त्याच वर्गातली, त्याच बाकावर बसलेली किती मुलं तेव्हा फडात असतात? हजेरीत त्यांचं नाव येतं, कुणीतरी ‘तो तोडीला गेलाय’ म्हणतो आणि पुढचं नाव पुकारलं जातं. मोकळ्या बालपणाचा हिशेब मांडायचा तर त्या नावापाशी थांबावं लागतं. या लेखात मला तेच करायचं आहे. काय होतं, कुणाला होतं, ते कशानं गेलं आणि त्यातलं काय परत मिळवण्याजोगं आहे, हे जमेल तितकं नीट पाहायचं आहे.

आधी जे खरंच होतं ते मोकळ्या मनानं मान्य करू. बालाघाटच्या डोंगररांगांनी हा जिल्हा वरचा आणि खालचा असा दोन भागांत विभागला आहे. वर पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाईकडचा माळ आणि घाट, खाली गेवराई-माजलगावकडची गोदावरी-सिंदफणेची काळी जमीन. डोंगरपट्ट्यातल्या पोराला पावसाळा संपता संपता सीताफळाचे वेध लागत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी ते इथल्या लेकरांचं फुकटचं खाणं होतं. डोळे मोठे झालेलं, खाचा पांढुरक्या पडलेलं फळ तेवढं तोडायचं, हिरवं गच्च फळ तोडलं तर ते पिकत नाही आणि काळं पडतं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मोठी मुलं लहानांना दाखवत. तोडलेली फळं ज्वारीच्या कणगीत नाहीतर गवतात अढी घालून ठेवायची, आणि रोज सकाळी हात घालून कुठलं मऊ पडलं ते चाचपायचं. कुणाच्या बांधावरची चिंच गोड, कुठल्या ओढ्याला कवठ आहे, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ बसलंय म्हणून तिकडं फिरकायचं नाही, असा अख्ख्या शिवाराचा नकाशा दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात असे.

पोहणं तर विहिरीतच शिकायचं. कमरेला वाळका भोपळा नाहीतर पाठीला झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा बांधून चुलता किंवा थोरला भाऊ पाण्यात सोडून देई. पहिले काही दिवस पायरीची कड सुटत नसे. मग एके दिवशी डबा सैल बांधला जाई, मग सुटे, आणि पोराच्या लक्षात येईपर्यंत ते पाण्यावर तरंगत असे. त्यानंतर मजल मोटेच्या धावेवरून उडी टाकण्यापर्यंत, आणि शेवटी बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणण्यापर्यंत जाई. ती माती काठावरच्या सगळ्यांना दाखवायची असे. त्या पोराला स्वतःच्या अंगाबद्दल जो भरवसा तिथं मिळाला, तो पुढं कुठल्याही प्रमाणपत्रानं दिला नसता.

खेळांचंही तेच. विटीदांडू, लिंगोरचा, आट्यापाट्या, सूरपारंब्या, गोट्या, मुलींचे गजगे. साहित्य काहीच नाही : एक फांदी, फुटक्या खापऱ्या, चिंधीचा चेंडू. पंचही नाही. विटी झेलली की जमिनीला लागून उडाली, यावर भांडण होई, रडीचा डाव म्हणून कुणी घरी जाई आणि अर्ध्या तासानं परत येई, कारण खेळायचं तर इथंच. भांडण मिटवल्याशिवाय डाव पुढं सरकत नसे, म्हणून ते मिटवायची अक्कल येई. सगळ्यात लहान पोरांना कच्चं लिंबू म्हणून घेतलं जाई. ती बाद झाली तरी बाद नसत, त्यांच्यावर राज्य येत नसे. पाच वर्षांचं पोर आणि तेरा वर्षांचं पोर एकाच डावात असण्याची ही सोय कुणी शिक्षणतज्ज्ञानं काढली नव्हती. आज वयानुसार पाडलेल्या तुकड्यांत शिकणाऱ्या मुलांना ती मिळत नाही, आणि हे नुकसान मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

जगभरातले अभ्यासकही आज हेच सांगत आहेत. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ आणि १९९० या दोन वर्षांची तुलना केली. सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं १९७१ मध्ये मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती; १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल नव्हता. कारण होतं रस्त्यावरची वाढलेली वाहनं आणि पालकांची भीती. अमेरिकेत पीटर ग्रे यांनी गेली अनेक वर्षं हा मुद्दा लावून धरला आहे की मुलांचा स्वतःच्या मर्जीचा खेळ आटत गेला आणि त्याच काळात त्यांच्यातली चिंता आणि नैराश्य वाढत गेलं. जोनाथन हाइट यांच्या २०२४ च्या पुस्तकानं या चर्चेत स्मार्टफोनला मुख्य आरोपी केलं. त्या आरोपाच्या बळाबद्दल संशोधकांत वाद आहे, पण खेळ कमी झाला याबद्दल फारसा नाही.

मात्र हा सगळा अभ्यास अशा समाजांचा आहे, जिथं मूल घरात आहे, शाळेत आहे आणि त्याच्यावर नजर जरा जास्तच आहे. बीडचा प्रश्न तिथून सुरू होत नाही. इथं एकाच गावात एक मूल नजरेखाली गुदमरतं आणि दुसऱ्याकडं बघायला घरात कुणी नसतं.

ऊसतोडीचं गणित बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून कोयत्यागणिक उचल घ्यायची आणि ती फेडायला गळीत हंगामभर, साधारण दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत राहायचं. जिल्ह्यातून लाखो माणसं अशी जातात. १९७२ च्या दुष्काळानं या वाटेवर गर्दी वाढवली आणि पुढं ती वाट मोडली नाही. कोयत्याला मुलं असतात. ती एकतर गावात आजी-आजोबांकडं राहतात, नाहीतर सोबत जातात.

सोबत गेलेल्या मुलाचा दिवस पाहा. उसाच्या पाचटाच्या, वर प्लास्टिक टाकलेल्या कोपीत झोपायचं. पहाटे गाडीबरोबर फडात जायचं, किंवा कोपीपाशी राहून धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, वाढ्यांच्या मोळ्या बांधायला आईला मदत करायची. या मुलाला कुणी अभ्यासाला बस म्हणत नाही. त्याच्या पायात चप्पल नाही, डोक्यावर उघडं आभाळ आहे, हातात मोबाइल नाही आणि दिवसभर ते रानातच असतं. स्नेहमेळाव्यात मोकळ्या बालपणाची जी जी लक्षणं सांगितली जातात, ती सगळी त्याच्याकडं आहेत. तरीही त्याला कुणी भाग्यवान म्हणणार नाही. चप्पल नसणं, नजर नसणं, नियम नसणं यानं बालपण मोकळं होत नाही, हे कळायला यापेक्षा वेगळा पुरावा नको. मोकळीक म्हणजे मुलाच्या हातात असलेला स्वतःचा वेळ. संध्याकाळी परतायला घर असावं, ताटात भाकरी असावी, म्हणजे मधला वेळ त्याचा होतो. ज्यांना हे सगळं होतं त्यांना ते इतकं सवयीचं होतं की आठवणीत त्याची नोंदच राहिली नाही. रान तेवढं लक्षात राहिलं.

मराठी साहित्यानं ही दुसरी बाजू केव्हाच मांडली आहे. आपण बालपण म्हटलं की साने गुरुजींचा श्याम आठवतो किंवा प्रकाश नारायण संतांचा लंपन. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) रान आहे, विहीर आहे, गुरं आहेत, पण मुलाला ओढ लागली आहे ती शाळेची, आणि बाप त्याला रानातून सोडत नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) ही तर पाठीवर बिऱ्हाड आणि मागं पोलीस अशा बालपणाची पुस्तकं. या लेखकांना शिवार आमच्याइतकंच, किंबहुना जास्तच ठाऊक होतं. त्यांनी त्याला मोकळीक म्हटलं नाही.

विहिरीचंच घ्या. मी वर ज्या विहिरीचं कौतुक केलं, तिच्यात गावातल्या सगळ्या पोरांना उडी मारता येत होती का? मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या पिढीच्या आठवणीत सार्वजनिक पाणवठ्याची जागा पोहण्याची नाही, अडवणुकीची आहे. पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीत कुणाच्या पोरांनी पोहायचं, हे गावात न बोलता ठरलेलं असे. आणि मुलींनी तर पोहायचंच नसे. नागपंचमीचा झोका, भुलाबाईची गाणी, गजगे हे मुलींच्या वाट्याचे खेळ खरेच; पण तेही कडेवर धाकटं भावंड घेऊन, पाण्याची खेप झाल्यावर. दहा-अकरा वर्षांची झाली की रान बंद. स्नेहमेळाव्यात वर्गातल्या बायका आताशा येऊ लागल्या आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांना माईक दिला की आठवणींचा सूर बदलतो. त्या खेळाबद्दल थोडं आणि शाळा सुटली त्या दिवसाबद्दल जास्त बोलतात.

मुलींच्या बाबतीत हा जिल्हा अजूनही मान खाली घालायला लावणारे आकडे देतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं इथं ८०७ मुली होत्या; दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. महाराष्ट्रातला हा सगळ्यात खालचा आकडा. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा, पण परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर येऊन सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली ती २०१२ मध्ये. त्यानंतर परिस्थिती सुधारली. पण ज्या काळाच्या आठवणी काढून आपण हळवे होतो, त्याला लागूनच्याच दशकात इतक्या मुलींना बालपणच मिळालं नाही, ही गोष्ट या चर्चेत कुणी काढत नाही. ज्या जन्मल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं बालपण मध्येच संपलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. यामागंही कोयताच आहे. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली मुलगी घरी एकटी कशी ठेवायची ही धास्ती, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार, हे गणित. त्या धास्तीला मी नावं ठेवणार नाही. जिथं मुलीला सुरक्षित ठेवायची दुसरी कुठलीच सोय नाही, तिथं बाप लग्नालाच कुंपण समजतो.

‘आम्ही पडलो, धडपडलो आणि तरी जगलो’ या युक्तिवादाबद्दलही दोन शब्द. जे जगले तेच स्नेहमेळाव्याला येतात. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागं १२९ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. २०२० मध्ये ही संख्या २८ होती. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि पोलिओतून देश मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र २०१४ चं. साठ-सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही घरी आजीला विचारा, ‘तुला लेकरं किती झाली आणि राहिली किती?’ दोन वेगवेगळे आकडे सांगताना तिचा आवाज बदलतो. साप चावलेलं पोर मारुतीच्या देवळात नेऊन ठेवत, कारण दवाखाना लांब आणि लस त्याहून लांब. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात आलं, पण डोंगरातल्या वाडीवरून तिथवर पोचायला पावसाळ्यात रस्ता कुठं होता? लस, दवाखाना, रस्ता, विहिरीचा कठडा यांना आपण सुरक्षेचं अवडंबर म्हणू लागलो, तर त्या गेलेल्या लेकरांशी ती बेइमानी होईल. शाळेतली छडी याच खात्यावर मांडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मार खाऊन शाळा सोडलेले त्यांच्या शेजारी बसलेले नसतात.

आता प्रश्न असा की जे चांगलं होतं ते गेलं कशानं. घाईचं उत्तर मोबाइल. पण बीडच्या रानात जरा फिरलं तर लक्षात येतं की मोबाइल यायच्या आधीच मुलांच्या पायाखालची जागा गेली होती.

पहिलं गेलं ते पाणी. उघड्या विहिरीच्या जागी बोअर आले, बोअर शंभर फुटांवरून कित्येक शे फुटांवर गेले आणि विहिरी कोरड्या पडल्या. ओढ्यांची वाळू उपसली गेली. पूर्वी पावसाळ्यानंतरही वाळूत झिरा केला की पाणी लागे, मुलं तिथंच खेळत. वाळू गेली, खडक उघडा पडला, बाभळी माजल्या. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात मुलांच्या हातात दिसली ती घागर, टँकरच्या रांगेत. ज्या मुलाची शाळेनंतरची वेळ टँकरची वाट बघण्यात जाते त्याला पोहायला कोण शिकवणार? आणि आता उलटंच झालं आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर रानोमाळ शेततळी झाली. त्यांच्या तळाशी आणि उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला कागद इतका निसरडा की पोहता येणाऱ्यालाही कड धरून वर येता येत नाही, आणि पोहता न येणाऱ्या मुलाचा तर प्रश्नच नाही. पायऱ्यांच्या बारवेत आणि विहिरीत पाण्यात उतरायची वाट होती, तीच बाहेर यायची वाट होती. शेततळ्याला अशी वाट नाही. बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दोर, टायर, दोन बाजूंना गाठी मारलेली जाळी, कुंपण, इतकं केलं तरी जीव वाचतील. पोहायला शिकवणारे चुलते गेले आणि बुडवणारं पाणी तेवढं राहिलं, अशी आजची गत आहे.

दुसरं गेलं गायरान. गुरं कमी झाली, ट्रॅक्टर आले, गुराख्याचं काम संपलं. ते संपलं हे बरंच झालं, कारण गुरं राखणारं पोर शाळेत नसे. पण त्याबरोबर गावाची सामायिक जमीनही अतिक्रमणांत, प्रकल्पांत आणि तंट्यांत आटत गेली. आज कित्येक खेड्यांत मुलांना हक्कानं खेळता येईल अशी जागा म्हणजे शाळेचं पटांगण, आणि शाळा सुटली की त्याच्या फाटकाला कुलूप. पट कमी म्हणून १० पेक्षा कमी मुलांच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यानं २०१७ मध्ये घेतला, तेव्हा चर्चा शिक्षकांची आणि अंतराची झाली. वाडी-तांड्यावरची शाळा बंद होते तेव्हा तिथलं एकुलतं मैदानही जातं, हे फार कुणी बोललं नाही.

तिसरी गोष्ट रस्ता. धुळे-सोलापूर महामार्ग रुंद झाला, गावं त्याच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. त्यावरून ऊस, सिमेंट आणि राख वाहणारी वाहनं धावतात. पलीकडच्या आळीत खेळायला जाणं हा आज जिवाचा प्रश्न आहे, आणि तिथं ‘आम्ही नाही का जायचो’ म्हणण्यात अर्थ नाही. आष्टी तालुक्यात २०२० च्या नोव्हेंबरात बिबट्यानं माणसं मारली, त्यात लेकरूही होतं. त्या हिवाळ्यात दिवस मावळायच्या आत दारं बंद होत होती. भीती सगळीच मनाची नसते.

आणि मग शहरातली कोंडी. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावात पगारदार वर्ग वाढला, मुलं एक किंवा दोन झाली. त्यांच्यासाठी इंग्रजी माध्यम, पिवळी व्हॅन, सकाळची शिकवणी, संध्याकाळची शिकवणी. शेजारच्या लातूरनं परीक्षेतल्या यशाचा जो नमुना घालून दिला, त्याची सावली आता पाचवीच्या मुलावर पडते. या घरांतल्या मुलांना स्नेहमेळाव्यातली तक्रार अगदी तंतोतंत लागू आहे. त्यांच्याकडं सगळं आहे, रिकामा वेळ नाही. मात्र त्यांना कोंडणारे तेच आहेत जे मांडवात मोकळ्या बालपणाच्या आठवणी सांगतात, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना लागते आणि लागायला हवी.

या सगळ्यावर मोबाइल आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ज्या वस्तूपासून मुलांना लांब ठेवायचं तीच सरकारनं आणि शाळेनं हातात द्यायला लावली. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. मोबाइलनं मुलांना मैदानावरून उचलून नेलं असं म्हणतात. माझ्या पाहण्यात मैदान आधीच रिकामं झालं होतं, मोबाइल त्या रिकाम्या जागेत येऊन बसला. तो निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही; रात्री उशिरापर्यंत रील्स बघून शाळेत पेंगणारी मुलं कुठल्याही शिक्षकाला विचारा. पण बीडमध्ये त्याची आणखी एक बाजू आहे. आजीजवळ राहिलेलं तोडकऱ्याचं लेकरू संध्याकाळी फोनची वाट बघत असतं. आई फडातून कोपीवर येते, चूल पेटवते आणि फोन लावते. पडद्यावर तिचा घामेजलेला चेहरा येतो, मागं धुराडं आणि उसाचा ट्रॅक्टर. ‘जेवलास का, शाळेत गेलतास का’ एवढंच बोलणं. चाळीस वर्षांपूर्वी या लेकराला सहा महिने आईचा आवाजही ऐकू येत नसे. त्याच्याकडून हा फोन काढून घ्या असं कुणी म्हणावं?

उपाय करणाऱ्यांनी काय केलं तेही पाहू. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा पायंडा पाडला. चांगला आहे, कारण तो मुलांपुरता नाही, मोठ्यांनाही लागू आहे. मात्र त्या दीड तासात मुलांनी काय करायचं, तर अभ्यास. खेळाचा भोंगा कुठल्या गावानं वाजवला तर मला जास्त आनंद होईल. याहून खोल विचार ताराबाई मोडकांनी कितीतरी आधी केला होता. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघांनी वाढवलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ ही कल्पना मला आजही थक्क करते. मुलाचं रान सोडवायचं नाही आणि त्याला अक्षरापासूनही वंचित ठेवायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात हे तिथं दिसलं.

बीडपुरतं बोलायचं तर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या, आणि शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ तोडकऱ्यांच्या मुलांसाठी दोन दशकांहून जास्त काळ उभं आहे. सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना आणली. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, शाळेसाठी बस मिळाली. हे सगळं नियमांतून, शासन निर्णयांतून आणि कुणाच्या तरी पाठपुराव्यातून आलं. सकाळी घोळक्यानं सायकली हाणत, मोठमोठ्यानं हसत फाट्यावरच्या शाळेत जाणाऱ्या मुली पाहिल्या की मला वाटतं, या डोंगरपट्ट्यात मोकळं बालपण आत्ता कुठं सुरू होतंय. त्यांच्या आयांना हे मिळालं नव्हतं, आणि ते मिळवून दिलं ते याच नियमांनी, ज्यांना आपण मोकळिकीचे शत्रू समजतो.

त्यामुळं पुढचं मागणंही नेमकं असावं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळाचा आणि विश्रांतीचा हक्क आहे. भारतानं ती १९९२ मध्ये मान्य केली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असलं पाहिजे असं लिहिलेलं आहे. मग शाळा सुटल्यावर त्या मैदानाचं कुलूप ग्रामसभेच्या ठरावानं काढता येईल. गायरानाची मोजणी करून एक तुकडा मुलांच्या नावानं राखता येईल. माजी विद्यार्थी मेळाव्यात गोळा होणाऱ्या वर्गणीतून शाळेला कमान आणि कपाट मिळतं, त्याच पैशांत उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या जातींच्या मुलामुलींना पोहायला शिकवता येईल. शिकवणारे त्या मांडवातच बसलेले असतात. हंगामी वसतिगृहांत दोन वेळचं जेवण आणि अभ्यासिका यांचे निकष तपासले जातात, त्यात संध्याकाळचा एक तास मुलांच्या स्वतःच्या खेळाचा म्हणून लिहायला हवा, आणि त्या तासाला मुलींना भांडी घासायला बसवू नये असंही त्याच ओळीत लिहावं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाच्या आणि जिल्हा परिषदेच्या बैठका हंगामाच्या तोंडावर होतात. ही मागणी घेऊन जायची तर तेव्हाच जावं लागेल, कारण टोळ्या निघाल्यावर त्या लेकरांच्या वतीनं बोलायला गावात कुणी उरत नाही.